डिझाइनचे दुकान सोडून पहाऱ्याच्या कामाकडे

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. सोयगावच्या आमच्या कापड दुकानात आठवडी बाजाराची गर्दी होती. एका गिऱ्हाइकाने ६,४०० रुपयांच्या साड्या घेतल्या, मोबाइलवर पैसे पाठवल्याची हिरवी खूण दाखवली आणि पिशवी उचलून निघून गेला. रात्री हिशेबाला बसलो तर खात्यात एक पैसाही जमा नाही. आम्ही कापडाचा काठ बोटाने चाचपून माल पारखणारे, नोट उजेडात धरून पाहणारे. पण त्या पडद्याकडे धड पाहिलेसुद्धा नाही.

दुकानातल्या पोऱ्याने त्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता, एवढेच नशीब. आमच्या भाच्याने तो पाहिला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाला, "मामू, हे अक्षर त्या ॲपचं नाहीच. रुपयाचं चिन्ह आकड्याला चिकटलंय, आणि तारखेची ओळ खाली सरकलीय. कोणीतरी घरी बसून बनवलेलं चित्र आहे."

हा भाचा आठ वर्षे गावात लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि दुकानांच्या पाट्यांची डिझाइने करतो. उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्ही अक्षरांवर हात बसलेला. पण दोन वर्षांपासून काम उतरले. लोक फोनवरच चित्र बनवून घेतात आणि "फक्त छापून दे" म्हणतात. म्हणून त्याने ठरवले की सायबर सुरक्षेचे शिक्षण घ्यायचे. शहरातल्या एका खासगी क्लासने 'सहा महिन्यांत हमखास नोकरी' असे सांगून ९० हजार रुपये मागितले होते. ते उसने मागायला तो आमच्याकडे आला. आमच्या आपा दारात उभ्या होत्या, बोलल्या काही नाहीत. दागिना मोडायची तयारी झालेली दिसत होती.

आम्हाला उर्दू वर्तमानपत्रांच्या कातिबांची आठवण झाली. आमच्या शाळेच्या दिवसांत अख्खा पेपर हाताने लिहिला जाई. मग १९८१ साली नूरी नस्तालीक आले. मिर्झा अहमद जमील यांनी स्वतः हजारो शब्दजोड लिहून ते संगणकात घातले होते. १९९४च्या सुमारास दिल्लीहून इनपेज आले आणि कातिबाची बैठक मोडली. ज्यांनी संगणक शिकून घेतला त्यांची नजर तिथेही कामाला आली, कारण ओळ कुठे बिघडली हे मशीनला कळत नव्हते, त्यांना कळत होते. बाकीच्यांचे हाल झाले. आमच्या भाच्यापुढे आज तसाच प्रश्न आहे, फरक इतकाच की उडी जरा लांबची आहे.

उडी मारून यशस्वी झालेला माणूस पाहायचा तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्याचे. ते चित्रकार नव्हेत, पण हातकामाचा माणूस म्हणून ते आपल्या कारागिरांच्या जवळचे. दहावीनंतर शिक्षण सुटले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना ४०० रुपयांवर लागले, पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले. १९९३ साली कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस शिरलेला असे, आणि तो पुन्हा पुन्हा येई. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते, त्यांनी व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले. १९९५ मध्ये क्विक हील बाजारात आले. २००७ मध्ये कंपनीने तेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. अडत-दलालीत वाढलेल्या आम्हाला यातला एक मुद्दा फार मोलाचा वाटतो. दुकान आधी होते, गिऱ्हाईक आधी होते, त्याची अडचण रोज डोळ्यांसमोर येत होती, आणि मग माल तयार झाला. प्रमाणपत्र घेऊन नोकरी शोधायला निघालेली ती कहाणी नाही.

आता हे काम नेमके काय? भाच्याने आम्हाला समजावले ते असे. चोर बहुधा कुलूप फोडत नाही, मालकाकडून किल्ली मागून घेतो. बँकेच्या नावाचा खोटा पत्ता करतात. इंग्रजी आर आणि एन शेजारी छापले की एम असल्याचा भास होतो, घाईतला माणूस फसतो. पाट्या रंगवणाऱ्याला मात्र तो भास चटकन खटकतो. खोटा क्यूआर कोड खऱ्यावर चिकटवलेला असेल तर कागदाची कड आणि छपाईचा रंग वेगळा दिसतो. हिमरूचा तुकडा आम्ही उलटा करून पाहतो ना, मागच्या बाजूचे सुटे धागे कसे धावतात ते? अगदी तसेच. शिवाय जॅकार्ड मागाच्या भोकांच्या पट्ट्या आठवा. भोक आहे की नाही, यावर धागा उचलला जाई. १९व्या शतकात चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी त्याच पट्ट्यांची कल्पना घेतली. कापडवाल्यांनी संगणकाला परके समजू नये.

पण नजर असली म्हणजे झाले, असे नव्हे. नेटवर्क कसे चालते, लिनक्स म्हणजे काय, थोडाफार प्रोग्राम लिहिता येणे, हे शिकावेच लागते. सुरुवातीची नोकरी बहुतेक पाळीची असते. रात्रभर पडद्यावर येणारे इशारे पाहायचे आणि शंभरातून खरा कोणता ते हुडकायचे. डिझाइनची हौस तिथे भागत नाही. दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरून भोके शोधण्याचे कामही असते, पण लेखी परवानगीशिवाय नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पोरांना हे आधी सांगावे. गंमत म्हणून कोणाचे खाते उघडून दाखवणे ही कला नव्हे.

आणि मोठ्यांनाही फटका बसतोच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून तीन दिवसांत ९४ कोटींवर रक्कम गेली. त्यातली बरीच २८ देशांतल्या एटीएममधून काढली गेली. तिजोरीला ओरखडासुद्धा नव्हता. त्या मानाने आमच्या ६,४०० रुपयांचे काय! पण छोट्या दुकानदाराकडे पहारेकरी ठेवायची ऐपत नसते, म्हणून त्याला जास्त लागते.

खरेदीसाठी फर्दापूर-सिल्लोडमार्गे संभाजीनगरला गेलो तेव्हा आम्ही ९० हजारांची चौकशी केली. 'हमखास नोकरी' कागदावर लिहून द्या म्हटले तर क्लासवाल्याने विषय बदलला. तिथून आम्ही विद्यापीठाच्या आवारातल्या नायलिट या सरकारी संस्थेत गेलो. तिचा 'ओ लेव्हल' अभ्यासक्रम बारावी किंवा आयटीआय झालेल्याला करता येतो. पुण्याच्या सीडॅकचा सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम नावाजलेला आहे, पण त्याला अभियांत्रिकीसारखी पदवी लागते, तो आमच्या भाच्यासाठी नाही. इंटरनेटवर 'स्वयं'चे विषय फुकट ऐकता येतात, आयटीआयमध्ये कोपा हा एक वर्षाचा ट्रेड आहे. ज्याच्या खिशाला क्लास परवडत नाही त्याने इथून सुरुवात करावी, असे आम्हाला वाटते.

व्यापारी बंधूंनी तूर्त एवढे लक्षात ठेवावे: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पडदा न पाहता स्वतःच्या खात्यातली जमा पाहावी, आणि फसलात तर त्याच तासात १९३० ला फोन करावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आम्ही दुसऱ्या दिवशी केला होता, हाती काही आले नाही.

भाच्याला ९० हजार दिले नाहीत. जुना लॅपटॉप घेऊन दिला आणि ओ लेव्हलची फी भरली. आठवड्यातले तीन दिवस तो शहरात एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात मदतीला बसतो, बाकीचे दिवस गावात पत्रिका करतो. आपा दर शुक्रवारी विचारतात, "नोकरी कधी लागणार?" आम्ही म्हणतो, "बघू." परवा त्याने आमच्या गल्ल्यावरचा क्यूआर कोड काचेखाली बसवला, आणि शेजारच्या चार दुकानदारांनी त्याला बोलावून आपापलेही तसेच करून घेतले. एकाने त्याला पन्नास रुपये दिले.