ब्लूटूथमधला दात

हॉस्टेलवर दिवसातून दहा वेळा ‘अरे, ब्लूटूथ ऑन कर’ हे वाक्य ऐकू येतं. पण रेडिओच्या तंत्रात दात आला कुठून?

हा दात आहे डेन्मार्कच्या राजाचा! हाराल्ड ब्लोटान्ड, दहाव्या शतकातला. सारा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकल्याचं त्याने येलिंग गावच्या शिळेवर कोरून ठेवलंय. १९९७ साली इंटेल, एरिक्सन, नोकिया यांची जवळच्या अंतरावरच्या रेडिओसाठी एकी करायची खटपट चालू होती. तेव्हा इंटेलच्या जिम कार्डाक यांनी या ‘जोडणाऱ्या’ राजाचं नाव तात्पुरतं सुचवलं आणि तेच कायमचं चिकटलं! चिन्हसुद्धा त्याच्या ‘ह’ आणि ‘ब’ या रून अक्षरांचं जोडाक्षर आहे.

आता फोड करू. ब्लो + टान्ड, निळा + दात. ज्याचा दात निळा तो, म्हणजे आपल्या ‘नीलकंठ’सारखा बहुव्रीही! मात्र जुन्या नॉर्समध्ये ‘ब्लार’ हा शब्द काळसर रंगालाही चालायचा. त्यामुळे राजाचा दात किडून काळा पडला असावा, असा तर्क आहे. शिळेवर हे टोपणनाव नाहीच. ते लिखाणात येतं राजानंतर दीडशे वर्षांनी.

खरी गंमत ‘टान्ड’ची. संस्कृतात दन्त, डॅनिशमध्ये टान्ड. आपले दोन आणि दहा, त्यांचे ‘टो’ आणि ‘टी’. जुन्या ‘द’चा ‘ट’ होण्याचा हा नियम ग्रिमच्या नावाने ओळखला जातो, पण रास्मुस रास्क या डॅनिश अभ्यासकाने १८१८ सालीच असे बदल मांडले होते. हा रास्क १८२० साली मुंबईलाही येऊन गेला!

मेसमध्ये लगेच कोणीतरी म्हणेल, ‘बघा, सगळं संस्कृतातूनच गेलं!’ थांबा. दहाला संस्कृतात दश, लॅटिनमध्ये देकेम. इथे जुना ‘क’ लॅटिनने जपला, संस्कृतात त्याचा ‘श’ झाला. मग मूळ संस्कृत कसं असेल? दन्त आणि टान्ड हे बापलेक नाहीत, चुलतभाऊ आहेत. दोघांचा पूर्वज आणखी जुना.

पुढे मराठीने ‘न’ गाळून ‘दात’ केला, इंग्रजीनेही ‘न’ गाळून ‘टूथ’ केला. अभिमान जरूर बाळगा, पण हिशोब तपासून! आम्हा इंजिनीअरांना एवढं तरी जमायला हवं, नाही का?