विमा बँकेचा, घर तुमचं

गृहकर्जाच्या मंजुरीपत्रातली एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून निसटते. मागितलेलं असतं 50 लाखांचं कर्ज, आणि कागदावर आकडा असतो 51 लाख 40 हजार. विचारलं, तर समोरचा तरुण अधिकारी हसून सांगतो, "सर, तो इन्शुरन्स आहे. तुम्हाला वेगळं काही भरायचं नाही, लोनमध्येच ॲड केलाय. घेतलात तर फाइल पटकन पुढे जाईल." नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. बिल्डरचं डिमांड लेटर येऊन पडलेलं असतं, रजिस्ट्रेशनची तारीख ठरलेली असते. सह्या होतात.

त्या 1 लाख 40 हजारांचं पुढे काय होतं? ते कर्जातच मिसळल्यामुळे त्यांच्यावरही साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं व्याज चालू राहतं. महिन्याला 1,215 रुपये, म्हणजे मुदत संपेपर्यंत 2 लाख 91 हजारांहून जास्त. बदल्यात काय मिळतं, तर कर्ज जसजसं फिटेल तसतसं कमी होत जाणारं संरक्षण. कर्जदार गेला तर विम्याचे पैसे आधी बँकेचं येणं भागवणार. घरच्यांच्या डोक्यावर छप्पर राहतं, ही गोष्ट लहान नाही. पण दुसऱ्या महिन्यापासून किराणा, शाळेची फी आणि सोसायटीचा मेंटेनन्स कुठून भरायचा, याचं उत्तर त्या पॉलिसीत नसतं.

कर्ज देणाऱ्याकडूनच हा विमा घ्यावा अशी सक्ती नाही. स्वतःच्या नावाने साधा टर्म प्लॅन घेतला, तर विम्याची रक्कम शेवटपर्यंत तेवढीच राहते आणि कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी पॉलिसीला धक्का लागत नाही. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला आहे. बँकेमार्फत मिळणारं संरक्षण बहुधा गटविम्याचं असतं, त्याला ही सूट नाही. टर्म प्लॅन घेताना विवाहित पुरुषाने आणखी एक फॉर्म मागून घ्यावा. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतलेल्या पॉलिसीचे पैसे बायको-मुलांचे होतात, नवऱ्याच्या देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. दीडशे वर्षांचा हा कायदा धंद्यात उधारी-उसनवारी असणाऱ्यांच्या आजही उपयोगी पडतो. एजंट मात्र तो सहसा आपणहून सांगत नाहीत.

इथवर माणसाचा विमा झाला. घराचा विमा वेगळा, आणि आपल्याकडे खरी आबाळ आहे ती त्याची. गाडीचा विमा कायद्याने घ्यावाच लागतो, म्हणून आपण दरवर्षी भरतो. घर गाडीच्या दहापट किमतीचं, तरी त्याच्या विम्याचा विषय निघाला की "आपली बिल्डिंग काय पडतेय!" असं म्हणून आपण मोकळे होतो.

बिल्डिंग सहसा पडत नाही, हे खरंच. पण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली, 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी दिवसचे दिवस उतरेना, 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ आणि वस्त्या बुडवल्या. अशा पुरात आरसीसीचा सांगाडा बहुतेक वेळा उभाच असतो. जातं ते आतलं: फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, प्लायवूडची कपाटं, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, भिंतीतलं वायरिंग, फुगून बसलेली दारं. चिखल उपसून झाल्यावर संसार नव्याने मांडायचा खर्च समोर येतो, तेव्हा कर्जाचा हप्ता काही थांबलेला नसतो. दुष्काळात तेरावा महिना.

विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी विकायला लावली. तिचं नाव ठाऊक असलेला घरमालक विरळा. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणं असे धोके तिच्यात येतात. घर राहण्याजोगं उरलं नाही, तर दुसरीकडे राहण्याच्या भाड्याचीही सोय आहे. इमारतीचा विमा घेतला की त्याच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, सामानाचा विमा यादी न देताच मिळतो. जास्त हवा असेल तर यादी द्यायची. दागिने आणि मौल्यवान वस्तूंसाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते. साधी घरफोडी मूळ पॉलिसीत येत नाही. आग किंवा पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी तेवढी येते. सुट्टीला गावी जाणाऱ्यांनी घरफोडीचं संरक्षण वेगळं मागावं.

विमा किती रकमेचा घ्यायचा, इथे बहुतेकांची गफलत होते. पुण्याच्या उपनगरातला 60 चौरस मीटर कारपेटचा फ्लॅट घ्या. किंमत 90 लाख, म्हणून विमाही 90 लाखांचा, असा सरळ हिशेब केला जातो. पण त्या 90 लाखांत जमिनीचा भाव आहे, शेजारच्या मेट्रो स्टेशनचा भाव आहे, बिल्डरचा नफा आहे. यातलं काही जळत नाही की वाहून जात नाही. विमा असतो बांधकामाचा. चौरस मीटरला 30,000 रुपये बांधकाम खर्च धरला तर तो होतो 18 लाख, आणि सामानाचं आपोआप मिळणारं संरक्षण 3 लाख 60 हजार. एवढ्या विम्याचा वर्षाचा हप्ता बहुतेक ठिकाणी एका मोबाइलच्या वर्षभराच्या रिचार्जपेक्षा कमी भरतो. 90 लाखांचा विमा काढून जास्तीचा प्रीमियम भरला, तरी नुकसानभरपाई 18 लाखांच्या हिशेबानेच मिळणार.

उलट्या बाजूची चूक पूर्वी फार महाग पडायची. 18 लाखांच्या बांधकामाचा विमा 9 लाखांचाच घेतला आणि नुकसान 4 लाखांचं झालं, तर जुन्या पद्धतीत कंपनी म्हणायची, तुम्ही निम्म्याचाच विमा घेतलाय, तर निम्मेच घ्या. हातात 2 लाख. 'भारत गृह रक्षा'त ही कात्री काढून टाकली आहे. विम्याच्या रकमेच्या मर्यादेत पूर्ण नुकसान मिळतं. माझ्या मते या पॉलिसीतली सगळ्यात मोलाची तरतूद हीच, पण जाहिरातीत ती क्वचित दिसते.

आता न मिळणाऱ्या गोष्टी. पावसाळ्यात भिंतीला धरलेली ओल, हळूहळू झिरपणारं पाणी, जुनाट झालेली वायरिंग यांचे पैसे विमा कंपनी देत नाही, आणि त्यावर भांडून उपयोग नाही. छतातून ठिबकतंय ते वरच्या घराच्या बाथरूममधून असेल, तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार खर्च वरच्या सभासदाचा. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून असेल तर सोसायटीचा. प्लंबर आणून पाणी कुठून येतंय ते आधी लिहून घ्यावं. व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद घालायला नंतरही वेळ मिळतो.

क्लेमची वेळ आलीच, तर एकच पथ्य: सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत भिजलेलं सामान फेकू नका. घर साफ करायची घाई सगळ्यांनाच असते, आणि गाद्या रस्त्यावर टाकल्या की पुरावाही पालिकेच्या गाडीतून जातो. टाकणं अगदीच भाग असेल तर व्हिडिओ काढा, मॉडेल नंबर दिसतील असे फोटो काढा, आणि कंपनीला तसं कळवा. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विम्याचा सर्व्हे निराळा. दोन्ही करून घ्यावेत. कंपनीने अडवलं तर तिच्याकडे लेखी तक्रार, आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल. त्याचं कार्यालय मुंबईत आहे, पुण्यातही आहे, 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि वकील लागत नाही.

पॉलिसी घेण्यापूर्वी सोसायटीच्या सेक्रेटरींना एक विचारावं: "काका, बिल्डिंगचा इन्शुरन्स आहे ना? केवढ्याचा?" आदर्श उपविधींनुसार सोसायटीने इमारतीचा विमा काढायचा असतो आणि त्याचा खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटायचा असतो. तो असेल तर बांधकामासाठी दुहेरी विमा घेऊन दुहेरी पैसे मिळत नाहीत. स्वतःपुरता सामानाचा आणि आतल्या फर्निचरचा विमा पुरेसा होतो. नसेल तर एजीएममध्ये विषय घ्यायला लावा.

सोसायटीच्या मेंटेनन्स बिलात विम्याखेरीज आणखी दोन ओळी असतात. सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का घ्यावा, असं उपविधी सांगतात. वरच्या 18 लाखांच्या हिशेबाने महिन्याला अनुक्रमे 375 आणि 1,125 रुपये होतात. प्रत्यक्षात कित्येक सोसायट्या "मेंबरांना परवडत नाही" म्हणून शंभर-दोनशेवर भागवतात, आणि "आमच्याकडे मेंटेनन्स फार कमी आहे" हे पाहुण्यांना कौतुकाने सांगितलं जातं. इमारतीची 15 वर्षं झाली की दर 5 वर्षांनी, 30 ओलांडली की दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. त्याच्या अहवालात बीम-कॉलमची दुरुस्ती निघाली की एका सभेत दीड-दोन लाखांचं कॉन्ट्रिब्यूशन मंजूर होतं. तेव्हा निम्मे सभासद निवृत्त झालेले असतात. जुन्या इमारतीतला फ्लॅट घेताना भाव पाडण्याआधी सोसायटीचा ताळेबंद मागून सिंकिंग फंडात शिल्लक किती ते पाहावं, इतकं तरी करावं.

हप्त्याचंही थोडं बघू. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतांशी रेपोशी, जोडलेली आहेत. रेपो मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. 2021 मध्ये साडेसहा टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 50 लाख घेतले असतील, तर हप्ता 37,279. वर्षभराने शिल्लक मुद्दल सुमारे 48 लाख 74 हजार. दर 9 झाला आणि बँकेने हप्ता तोच ठेवला, तर त्यातले 36,554 व्याजातच जातात. मुद्दलाला उरतात जेमतेम सव्वासातशे. या गतीने कर्ज फिटायला आणखी 44 वर्षं लागतील. हप्ता वाढला नाही म्हणून खूश असलेल्या माणसाचं कर्ज असं त्याच्या निवृत्तीपलीकडे जातं. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने म्हणून बजावलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे ग्राहकाला विचारा, आणि स्थिर दराकडे जाण्याचा मार्गही ठेवा. 2025 मध्ये रेपो उतरत 5.25 पर्यंत आला. अशा वेळी हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. झेपत असेल तर हप्ता तोच ठेवून मुदत उतरवून घ्यावी.

फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड नाही. साडेआठ टक्क्यांच्या 50 लाखांच्या कर्जात पहिल्या 43,391 च्या हप्त्यातले 35,417 व्याजाचे असतात, म्हणून जादा भरणा करायचा तो सुरुवातीच्या वर्षांत. दरवर्षी एक हप्ता जास्त भरला तरी कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपतं. पण सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च हाताशी ठेवल्याशिवाय बोनस कर्जात ओतू नये. बँकेत भरलेला पैसा नोकरी गेल्यावर सहज परत मिळत नाही. "करसवलतीसाठी कर्ज राहू दे" हा सल्लाही जुना झाला. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावरची 2 लाखांपर्यंतची वजावट नव्या करप्रणालीत नाही.

राहिली कागदपत्रं. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे घर त्याच्या नावावर झालं, हा समज घरोघरी आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद आहे. घर कोणाचं, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदाच ठरवतो. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र हवेत.

आणि कर्ज फिटल्यावर पेढे वाटण्याआधी बँकेकडून मूळ करारनामा आणि इंडेक्स टू मागून घ्या. 1 डिसेंबर 2023 नंतरच्या कर्जफेडीसाठी नियम असा की सगळी मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत द्यायची आणि घरावरचा बोजा उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई ग्राहकाला. त्यासाठी शेवटचा हप्ता कधी भरला त्याची पावती आणि नो ड्यूज सर्टिफिकेटची तारीख जपून ठेवावी लागते.