बिस्किटांचा धंदा आणि आपला गल्ला

पावसाळ्यात कापडाचा धंदा मंद असतो. गिऱ्हाईक येते ते छत्री मिटण्यापुरते थांबते आणि भाव विचारून निघून जाते. अशा दिवसांत दुकानदाराचा हात रिकामा राहतो. पूर्वी आपण वर्तमानपत्र वाचत होतो, शेजारच्या दुकानात जाऊन बसत होतो किंवा जुनी खतावणी काढून उधारीच्या याद्या करत होतो. आता काउंटरवर संगणक आला आहे. त्याच्याबरोबर जी एक नवी सवय आली आहे, तिच्याविषयी व्यापारी आणि कारागीर बंधूंना दोन गोष्टी सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. विषय ऐकून काही वाचक हसतील. आम्हीही आधी हसलो होतो.

आमचा भाचा दुकानात बिले करतो. एके दिवशी त्याच्या पडद्यावर आम्हाला एक मोठे गोल बिस्कीट दिसले आणि वर कोटींच्या घरातला एक आकडा भराभर वाढत होता. आम्ही विचारले, "हा कुणाचा हिशोब?" तो म्हणाला, "मामू, खेळ आहे. पैसे लागत नाहीत. बिस्किटावर क्लिक करायचे, बस." आम्ही त्याला चांगले फटकारले आणि नेमका प्रकार काय आहे हे पाहावे म्हणून स्वतः खुर्चीवर बसलो. पुढचे तीन आठवडे ती खुर्ची आमचीच होती.

खेळ आहे तरी काय?

या खेळाचे नाव कुकी क्लिकर. ज्युलियन थिएनो नावाच्या फ्रेंच तरुणाने तो एका संध्याकाळी लिहिला आणि 8 ऑगस्ट 2013 रोजी लोकांपुढे ठेवला. काही विकत घ्यायचे नाही, संगणकात काही बसवायचे नाही. ब्राउझर उघडला की खेळ सुरू. बिस्किटावर एकदा क्लिक केले की एक बिस्कीट जमा होते. 15 बिस्किटे झाली की आपल्या वतीने क्लिक करणारा एक बाण विकत मिळतो. 100 झाली की एक आजी मिळते, ती दर सेकंदाला एक बिस्कीट भाजते. 1,100 ला शेत, 12,000 ला खाण, 1,30,000 ला कारखाना आणि त्यापुढे चक्क बँक. शेतात बिस्किटे पिकतात, खाणीतून बिस्किटे निघतात. सगळा वेडगळपणा आहे आणि करणाऱ्याने तो जाणूनबुजून केला आहे.

या खेळात हरणे नाही, प्रतिस्पर्धी नाही आणि शेवटही नाही. मिळालेली बिस्किटे कुणी खात नाही. मग माणूस त्यात अडकतो कशाला? याचे उत्तर त्या खेळाच्या हिशोबात आहे, आणि हिशोब ही आपल्या वाचकांची रोजची गोष्ट असल्याने तो उलगडून पाहू.

किमतीचा हिशोब

प्रत्येक वस्तू एकदा घेतली की तिची पुढची किंमत 15 टक्क्यांनी वाढते. ही वाढ चक्रवाढ आहे. 15 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण पाच खरेद्यांत किंमत दुप्पट होते. पहिली आजी 100 ला मिळते, अकरावी साधारण 405 ला, एकविसावी 1,637 ला आणि एकावन्नावी 1,08,000 च्या वर. आजी मात्र मुळात तेच काम करते, सेकंदाला एक बिस्कीट. म्हणजे पहिल्या आजीची किंमत 100 सेकंदांत वसूल होते आणि एकावन्नावीची वसूल व्हायला 30 तास लागतात.

आपल्यापैकी कोणताही व्यापारी असा सौदा करणार नाही. पण खेळ आपल्याला त्या सौद्यापाशी थांबू देत नाही. आजी महाग झाली की शेत परवडते, शेत महाग झाले की खाण समोर येते. मधूनच अशी वस्तू विकायला येते की ती घेतल्यावर सगळ्या आज्यांचे काम दुप्पट होते. त्यामुळे पुढची खरेदी नेहमी हाताच्या अंतरावर राहते. सुरुवातीला ती काही सेकंदांवर असते, मग मिनिटांवर, मग तासांवर. माणूस म्हणतो, एवढे एक घेतो आणि उठतो. ते घेतल्याबरोबर पुढचे दिसते. आम्ही तीन आठवड्यांत हे वाक्य मनाशी किती वेळा म्हटले, त्याची गणती नाही.

ब्राउझर उघडा आहे तोवर बिस्किटे जमत राहतात. म्हणून आमच्या दुकानातला संगणक रात्री बंद होईनासा झाला. सकाळी शटर वर केले की आम्ही आधी गल्ला पाहत नव्हतो, रात्रीत किती बिस्किटे झाली ते पाहत होतो.

सोनेरी बिस्कीट

दुसरी युक्ती अधिक खोल आहे. मधूनच पडद्यावर कुठेतरी एक सोनेरी बिस्कीट उमटते. ते कधी येईल हे ठरलेले नसते. सर्वसाधारणपणे 5 ते 15 मिनिटांच्या दरम्यान केव्हाही येते आणि 13 सेकंदांत नाहीसे होते. तेवढ्यात त्यावर क्लिक केले तर मोठे इनाम लागते. कधी एकदम बिस्किटांची रास मिळते, तर कधी 77 सेकंद सगळे उत्पादन सातपट होते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर असे प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दाणा ठरावीक हिशोबाने न देता अनिश्चितपणे दिला, तर कबूतर चोच मारणे लवकर सोडत नाही, असे त्यांना आढळले. स्किनर आणि फर्स्टर यांचा या विषयावरील मोठा ग्रंथ 1957 साली निघाला. जुगाराच्या यंत्राचे आकर्षणही याच नियमावर उभे आहे. कुकी क्लिकरमध्ये पैसा लावायचा नसतो, म्हणून तो जुगार नव्हे. पण नजर बांधून ठेवण्याची रीत त्याच घरातली आहे.

आता आमच्या हातून काय घडले ते सांगतो. एके दुपारी लातूरकडचे एक टेलरमास्तर दुकानात आले. अठरा वर्षे ते अस्तर आणि पॉपलीन आमच्याकडून नेतात. आम्ही "बसा मास्तर" म्हटले खरे, पण मान वर केली नाही. सातपट उत्पादनाची 77 सेकंदे चालू होती. ती संपली, मग त्या बिस्किटांतून एक खरेदी केली, मग आणखी एक. मान वर केली तेव्हा मास्तर नव्हते. नोकर म्हणाला, "चाचा, ते केव्हाच गेले." समोरच्या दुकानातून थान बांधून ते बस स्टँडकडे निघाले होते. त्यांनी तक्रार केली नाही, टोमणा मारला नाही. आम्हाला त्याचेच अधिक वाईट वाटले.

गायीची गोष्ट

आम्ही एकटेच मूर्ख ठरलो असे नाही. अमेरिकेत अटलांटा येथील जॉर्जिया टेक या संस्थेतील प्राध्यापक इयन बोगोस्ट यांनी जुलै 2010 मध्ये फेसबुकवर काऊ क्लिकर नावाचा खेळ आणला. फार्मव्हिलसारखे शेतीचे खेळ त्या काळी जोरात होते आणि लोक त्यांत तासन्तास घालवत होते. त्यांची थट्टा करावी, हा या प्राध्यापकाचा हेतू होता. खेळात एक गाय. तिच्यावर दर सहा तासांनी एकदा क्लिक करायचे. बस, एवढेच. सहा तास थांबायचे नसेल किंवा निराळी गाय हवी असेल तर खरे पैसे मोजून ती सोय घेता येत होती.

थट्टा समजून लोक हसतील आणि सोडून देतील असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात 50,000 हून अधिक लोक खेळू लागले. शेवटी सप्टेंबर 2011 मध्ये त्यांनी सगळ्या गायी नाहीशा केल्या. पडद्यावर नुसती मोकळी जागा उरली. तरी काही लोक त्या मोकळ्या जागेवर क्लिक करत राहिले. यावरून एक गोष्ट कळते. गाय काय आणि बिस्कीट काय, ते निमित्त आहे. सवय लागते ती आकडा वाढताना पाहण्याची.

व्यापाऱ्यालाच मोह का?

आमच्या मते हा मोह व्यापारी आणि कारागीर यांना इतरांपेक्षा जास्त पडतो. कारण हा खेळ आपल्या धंद्याची नक्कल आहे. भांडवल घाला, नफा काढा, तो पुन्हा धंद्यात घाला. पण खऱ्या धंद्यात कापड उधारीवर जाते, पैसा दोन-तीन महिन्यांनी येतो, आणि कधी येतच नाही. मंदीत तर दिवसभर राबूनही संध्याकाळी रोजमेळात लिहिण्यासारखे काही नसते. मेहनतीचे फळ डोळ्यांना दिसावे, ही भूक माणसाच्या मनात असते. मागावर बसलेल्या विणकराला ती तृप्ती मिळते, कारण कापड बोटाबोटाने वाढताना त्याला दिसते. दुकानात बसलेल्याला ती सहज मिळत नाही. खेळ ती भूक ओळखतो आणि दर सेकंदाला एक घास देतो. त्या घासाने पोट मात्र भरत नाही.

नकलेतून काय गाळले आहे तेही पाहावे. बिस्किटांच्या धंद्यात गिऱ्हाईक नाही, त्यामुळे कुणाची मर्जी राखावी लागत नाही. उधारी नाही, त्यामुळे कुणाचा विश्वास कमवावा लागत नाही. माल खराब होत नाही, मजुरी द्यावी लागत नाही. ज्या ज्या गोष्टीने धंदा अवघड होतो ती काढून टाकली आहे. पण धंद्याला बरकत येते तीही त्याच गोष्टींतून, हे आपण सर्व जाणतो.

खेळात आणखी एक गंमत आहे. एकूण एक लाख कोटी बिस्किटे झाली की सगळे पुसून शून्यापासून सुरू करण्याची मुभा मिळते. त्या बदल्यात पुढच्या डावात उत्पादन एक टक्का वाढते. आम्ही एका रात्री हे केले. वीस दिवसांचे सारे जमलेले आपल्याच हाताने पुसले आणि आम्हाला आनंद झाला. घरी जाताना विचार आला की एक टक्का फायद्यासाठी चालते दुकान मोडणाऱ्याला आपण काय म्हटले असते?

पैशाचे आमिष

ही फुकट खेळाची गोष्ट झाली. पुढे याच रीतीला पैशाचे आमिष जोडले गेले. 2024 मध्ये टेलिग्रामवर नॉटकॉइन, हॅम्स्टर कोम्बॅट असे खेळ निघाले. मोबाइलच्या पडद्यावर बोट आपटायचे, नाणी जमवायची, पुढे त्यांच्या बदल्यात डिजिटल चलन मिळेल, अशी आशा असे. कोट्यवधी लोक महिनोन्महिने बोट आपटत राहिले. हॅम्स्टर कोम्बॅटने 26 सप्टेंबर 2024 रोजी आपले चलन वाटले, तेव्हा अपेक्षेच्या मानाने फारच थोडे हाती पडले, अशी तक्रार अनेकांनी केली. मेहनतीचा दर आधी न ठरवता केलेली ती मजुरी होती.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. पण बिस्किटांच्या खेळात पैसा लावायचा नसतो, म्हणून तो त्या बंदीत बसत नाही. येथे जातो तो वेळ, आणि त्याचा पहारेकरी आपणच.

उपाय

खेळ सर्वस्वी वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. चक्रवाढ म्हणजे काय आणि घातलेली रक्कम किती काळात सुटते, हे नव्या मुलाला शिकवायचे असेल तर अर्धा तास हा खेळ उपयोगी पडेल. अर्ध्या तासानंतर त्यात शिकण्यासारखे काही उरत नाही.

ज्यांना सवय लागली असेल त्यांनी आम्ही केले ते करून पाहावे. दुकानाचा संगणक रात्री बंद करावा. गिऱ्हाईक पायरी चढले की हात माऊसवरून उचलावा, हा नियम मालकाने आधी स्वतःला लावावा आणि मग नोकराला. मंदीच्या दुपारी आकडाच पाहायचा असेल तर वसुलीची यादी काढावी. रोज तीन फोन करावेत आणि आलेली रक्कम वहीत लिहून खाली बेरीज मांडावी. हा आकडा सावकाश वाढतो. पहिल्या आठवड्यात आमच्या वहीत फक्त दोन नावे कटली. पण ती कायमची कटली.

भाच्याची आम्ही माफी मागितली, कारण त्याला फटकारून आम्ही स्वतः त्याच खुर्चीवर बसलो होतो. तो हसून म्हणाला, "मामू, मी तर चार दिवसांतच कंटाळलो होतो." टेलरमास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही कामात होता, म्हणून त्रास दिला नाही." आम्ही खरे काय ते त्यांना सांगितले. दिवाळीच्या मालासाठी ते येतो म्हणाले आहेत. ते येतील तेव्हा आम्ही दारात उभे असू.