कोवळ्या चरबीची गाठ

तान्ह्या बाळाच्या काखेत किंवा मांडीत मऊ गाठ येते. दुखत नाही, पण भराभर वाढते. अंघोळीआधी तेल लावताना बहुधा आजीच्याच हाताला ती आधी लागते. चरबीच्या अपक्व पेशींची ही दुर्मिळ गाठ म्हणजे लायपोब्लास्टोमा. बहुतेक रुग्ण तीन वर्षांच्या आतले.

हा शब्द जाफे यांनी १९२६ मध्ये वापरला. १९४७ मध्ये व्हॅन म्यूर्स यांनी दाखवलं की, अशी गाठ पुढे पिकून साध्या चरबीच्या गाठीसारखी होऊ शकते. १९५८ मध्ये व्हेलियस आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या मुलीची गाठ वर्णिली. ती छाती, काख आणि गळपट्टीच्या हाडाभोवती पसरलेली होती. अशा बिनआवरणाच्या, स्नायूंत शिरणाऱ्या प्रकाराला त्यांनी लायपोब्लास्टोमॅटोसिस म्हटलं.

खरी अडचण सूक्ष्मदर्शकाखाली होती. बुळबुळीत द्रव्य, बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, अपक्व पेशी: दिसायला थेट लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचा कर्करोग! आणि कर्करोग म्हटला की सुरी मोठी होते. १९७३ मध्ये चुंग आणि एन्झिंगर यांनी ३५ रुग्णांचा अभ्यास मांडला. गाठ परत येऊ शकते, पण शरीरात दुसरीकडे पसरत नाही, हे त्यातून ठसलं. माझ्या मते या इतिहासातलं कळीचं वर्ष हेच. लायपोसार्कोमा या वयात जवळजवळ होतच नाही, हेही डॉक्टरांच्या मनात पक्कं झालं.

पुढे गाठीच्या पेशींत आठव्या गुणसूत्रातली उलथापालथ दिसली आणि २००० मध्ये त्यामागे पीएलएजी-१ हे जनुक असल्याचं कळलं. संशय उरलाच तर आता या जनुकाच्या तपासणीने तो बहुतेकदा मिटवता येतो.

गाठ शरीरात पसरत नाही, यातूनच शस्त्रक्रियेचं सूत्र ठरलं: गाठ पूर्ण काढायची, पण तिच्यापायी हात-पाय किंवा नस गमवायची नाही. आवरण असलेली गाठ सहसा सोलून निघते. काखेत नसांच्या जुडग्याला वेढून बसलेली मात्र तासन्‌तास घाम काढते. तिथे थोडी चरबी मागे राहिली तरी चालेल, लुळा हात नको. केमोथेरपी लागत नाही. पण गाठ काही वर्षांनीही परत येऊ शकते, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत.

एवढंच सांगणं: बाळाच्या अंगावरची गाठ चोळून जिरवू पाहू नका. बालशल्यविशारदाला दाखवा, आणि शस्त्रक्रिया झालीच तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट जपून ठेवा.