मोजणाऱ्या डॉक्टरांची चाळीस वर्षं

2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता, वाशीम नव्हता. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडहून अमरावती साठेक किलोमीटर. तिकडच्या केशरी कार्डावर ऑपरेशन फुकट, इकडच्या कार्डावर फक्त रेशन. संपूर्ण राज्याला योजना मिळायला नोव्हेंबर 2013 उजाडला. आजार जिल्ह्याची शीव पाहून येत नाही, धोरण मात्र पाहतं.

धोरण डॉक्टरनेच तपासावं, ही गोष्ट विदर्भात बरीच आधी सुरू झाली होती. डॉ. अभय बंग वर्धा जिल्ह्यात काम करत असताना रोजगार हमीच्या मजुरीचा प्रश्न पुढे आला. सरकारच्या पागे समितीने मजुराला लागणाऱ्या उष्मांकांवरून दिवसाची किमान मजुरी 4 रुपये काढली होती. बंगांनी तो हिशेब उलगडला, त्यातल्या चुका दाखवल्या आणि आकडा 12 रुपयांवर नेला. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी हा आरोग्याचाच विषय आहे, हे तेव्हा दवाखान्यात बसून कोणाला सुचलं नसतं.

पुढे अभय आणि राणी बंग दोघंही जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. 1984 मध्ये परतले आणि 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी झाली. त्यांतल्या 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं. तोवर खेड्यातली बाई सरकारी कागदावर दिसायची ती बाळंतपण आणि कुटुंबनियोजनापुरती. अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. माझ्या मते या चाळीस वर्षांतलं सगळ्यांत धाडसाचं काम हेच.

‘सर्च’चं नवजात बाळांचं काम जास्त गाजलं. गावातलीच बाई आरोग्यदूत झाली, बाळाचं वजन, ताप, श्वास पाहू लागली, गरज पडली तर इंजेक्शनही देऊ लागली. 39 गावांत हजारी 62 असलेला नवजात मृत्युदर तीन वर्षांत 25 पर्यंत उतरला. हे मांडणारा निबंध 1999 चा. आशाताईंनी घरी जाऊन बाळ तपासण्याच्या देशपातळीवरच्या मार्गदर्शक सूचना आल्या 2011 मध्ये. मधल्या बारा वर्षांत किती बाळं गेली असतील, हा विचार टाळावासा वाटतो. आज कारंजा तालुक्यात बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन येणारी आशाताई त्या 39 गावांमुळे येते.

शहाणपण मंत्रालयातही हळूहळू पोचलं. 14 शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही जीवनदायी योजनेत घेतलं, त्यांत वाशीम होता. 2017 मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपला जिल्हा आला. मागासलेपणाला इतकं गोड नाव दिल्लीतच सुचू शकतं. 2024 मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

तरीही कारंज्यात ‘रेफर केलं’ हा शब्द लहान पोरालाही कळतो. अकोल्याला की अमरावतीला, एवढाच प्रश्न उरतो. कार्डामुळे ऑपरेशनचा पैसा वाचतो. गाडीभाडं, सोबतच्या माणसाचा खर्च आणि बुडालेली मजुरी मात्र घरावरच पडते. वाशीमच्या नव्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी पहिला अभ्यास म्हणून तालुक्यातलं रेफरचं रजिस्टर हाती घ्यावं. कोण गेलं, कशासाठी, किती खर्चून आणि परत आलं का, एवढं लिहून काढावं.