चहाचा सुगंध आणि पाण्याचे उष्णतामान

चहाच्या पेल्यात रंग, चव आणि सुगंध हे तीन गुण एकत्र येतात. पण ते एकाच प्रकारच्या द्रव्यांपासून निर्माण होत नाहीत. रंग व तुरटपणा पाण्यात विरघळून तेथेच राहणाऱ्या द्रव्यांमुळे येतो. सुगंध देणारी द्रव्ये मात्र बाष्पनशील, म्हणजे सहज वाफ होऊन उडून जाणारी असतात. सुक्या चहात त्यांचे प्रमाण हजार भागांत एका भागाहूनही कमी असते. दार्जिलिंगच्या चहाला अधिक किंमत मोजली जाते ती बव्हंशी या अल्प अंशासाठी. तो पेल्यापर्यंत टिकवावा कसा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

या द्रव्यांपैकी लिनालूल व जेरानिऑल ही दोन प्रमुख होत. जेरानिऑल गुलाबाच्या फुलातही असते. शुद्ध स्थितीत ते सुमारे २३० अंश सेल्सियसला उकळते. तरीही पाण्याच्या वाफेबरोबर ते १०० अंशांच्या आतच निघून येते. कनौजचे अत्तर याच तत्त्वावर काढतात. तेथे फुलांच्या भांड्याचे तोंड बंद करून वाफ दुसऱ्या, थंड पात्रात धरली जाते. उघड्या पातेल्यात चहा खळखळा उकळला असता तीच क्रिया घडते. फक्त येथे वाफ धरणारे पात्र नसते. स्वयंपाकघर दरवळते आणि पेला गंधहीन होतो.

यावरून कोमट पाणी वापरावे, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. कोमट पाण्यात पानांतील द्रव्ये फार सावकाश सुटतात व पेय फिके होते. उष्णता गंधाला पानातून सोडविते आणि तीच त्याला उडवूनही लावते. म्हणून नुकतेच उकळलेले पाणी पानांवर ओतावे, भांडे लगेच झाकावे आणि ते पुन्हा विस्तवावर ठेवू नये. चहाच्या परीक्षणासाठी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकातही १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यास २ ग्रॅम चहा, झाकलेले भांडे आणि ६ मिनिटांचा अवधी सांगितला आहे. घरी पिण्यासाठी तीन-चार मिनिटे पुरेशी होतात. त्यापुढे तुरटपणा वाढत जातो.

पाणी १०० अंशांचेच असले पाहिजे, असेही नाही. दार्जिलिंग शहर सुमारे २,००० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते. तरी तेथल्या पेल्यात सुगंधाची उणीव भासत नाही.

दुधाबरोबर उकळण्यास आसामचा दाणेदार चहा योग्य. त्याचे बळ रंगात व कडकपणात असते. सुगंधी पानांचा चहा उकळणे म्हणजे दाम देऊन घेतलेला गुण वाऱ्यावर सोडणे होय.