ग्रामसभेत १५ टक्क्यांचा हिशेब मागूया

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत सर्वांसमोर मांडला जातो. मग आपल्या गावात मागासवर्गीयांच्या निधीचा हिशेब असा का मांडला जाऊ नये?

नियम साधा आहे. घरपट्टीसारख्या करांतून ग्रामपंचायतीला जे स्वतःचे उत्पन्न मिळते, त्यातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायची असते. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची शासकीय योजना वेगळी. तिच्यातून झालेला रस्ता किंवा गटार या १५ टक्क्यांत दाखवले जात नाही ना, हे आपणच पाहिले पाहिजे.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर हवेत. नसतील तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही. म्हणजे आपण घरी बसलो तरी ठराव होतातच, फक्त आपल्याशिवाय.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावगाड्यावर कठोर टीका केली होती. पुढे ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत आपल्याला राखीव जागा मिळाल्या. पण खुर्ची मिळाली म्हणजे हिशेब मिळाला असे नव्हे.

म्हणून सभेआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घेऊया. सभेत महिलांसह एकत्र बसूया. किती जमा, किती खर्च, कशावर, एवढेच विचारूया आणि उत्तराची नोंद इतिवृत्तात झाल्याशिवाय उठायचे नाही.

जयभीम!